पिकअपमागे कॅराव्हॅन ट्रेलर ओढायचाय, गाडीला झेपेल का? (इंदूर ते हनुवंतिया)

सुदामानगर_इंदूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डबल कॅब डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर, मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग सगळी चर्चा ब्रँडवर जाते. ओळखीतल्या एकाकडे एक कॅराव्हॅन ट्रेलर विकायला आहे, सिंगल एक्सल, चार जणांची झोपायची सोय, छोटं किचन, छतावर एसी. सांवेर रोडच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला आहे. मालक म्हणतो रिकामा ट्रेलर १४०० किलो आहे आणि तुझी पिकअप तो हसत हसत ओढेल, बाहेरच्या देशात हीच गाडी साडेतीन टन ओढते.

आम्ही पाच जण, मी, बायको, दोन मुलं आणि आई. पहिला बेत हनुवंतियाचा (खंडव्याकडचं जलाशयाकाठचं पर्यटनस्थळ), म्हणजे सिमरोलवरून भेरूघाट उतरायचा आणि बडवाह, सनावद करत पुढे. नंतर महेश्वर, मांडू. आईला गुडघ्यांमुळे हॉटेलचे जिने नको वाटतात म्हणून हा सगळा खटाटोप, तिला स्वतःचा पलंग आणि स्वतःचं बाथरूम सोबत असलं की ती कुठेही यायला तयार आहे.

आता माझे आकडे. गाडीच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा म्हणजे जीव्हीडब्ल्यू २७५० किलो. देवास नाक्याजवळच्या धरमकाट्यावर टाकी फुल्ल करून मी एकटा बसून वजन केलं तर २१९० आलं. मॅन्युअलमध्ये मागे एक पान सापडलं, ब्रेकवाला ट्रेलर २००० किलोपर्यंत, बिनब्रेकचा ७५० किलोपर्यंत. मग १४०० म्हणजे आरामात बसतं ना? ट्रेलरला ब्रेक आहेत का असं विचारलं तर मालक म्हणाला गरज नाही, पिकअपचे ब्रेक पुरतात. टायरचा फोटो काढलाय, त्यावर १९५/६५ आर१५ ९१ असं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात टोकन द्यायचंय, त्याआधी जाणकारांनी सांगा.

पीथमपूरवाला

टोकन थांबवा आधी. तुम्ही काट्यावर जाऊन स्वतःच्या गाडीचं वजन करून आलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण ब्रोशरवरून गणित करतात आणि तिथेच फसतात.

गाडी किती ओढू शकते हा प्रश्न सगळे विचारतात, पण पिकअपच्या बाबतीत गाडं सहसा अडतं ते ती पाठीवर किती घेऊ शकते यावर. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं, पुढचा काही भाग तुमच्या हुकवर म्हणजे बॉलवर दाबून बसतो, त्याला टंग वेट म्हणतात. सिंगल एक्सलच्या कॅराव्हॅनला अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात त्यांच्या ट्रेलरची ठेवण वेगळी असल्यामुळे कमी धरतात. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या उंच डब्याला मी तरी १०च्या खाली जाऊ देणार नाही. आणि हे टंग वेट तुमच्या गाडीच्या जीव्हीडब्ल्यूमध्ये मोजलं जातं, माणसं आणि सामान जसं मोजतात तसंच.

आता तुमचंच गणित करू. २७५० वजा २१९० म्हणजे उरले ५६०. बायको, मुलं, आई मिळून १९५ धरू. मागच्या ट्रेमध्ये जनरेटर, आइसबॉक्स, खुर्च्या, बॅगा ११० धरू, यापेक्षा कमी होत नाही. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा हुक, आणि त्याचा सांगाडा ३०. राहिले २२५ किलो, आणि टंग वेट त्यातच बसवायचंय.

ट्रेलर रिकामा १४०० म्हणजे काय काय धरून रिकामा ते मालकाला विचारा. पाण्याची टाकी भरली की एक लिटरला एक किलो, १२० लिटरची असेल तर १२० किलो तिथेच. बॅटरी मोठी ट्यूब्युलर असेल तर ६०च्या घरात. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलो असतो, टाकीसकट ३०. एसी ३५. गाद्या, भांडी, किराणा, कपडे १००. बेरीज पावणेदोन टनापर्यंत जाते. त्याचे १२ टक्के म्हणजे २१०. तुमच्याकडे २२५. म्हणजे काठावर पास, आणि तेही १४०० हा आकडा खरा असेल तर.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो, म्हणजे ते वजन तरफेसारखं काम करतं. व्हीलबेस ३.१ मीटर आणि एक्सलपासून बॉल १.३ मीटर मागे असं धरलं तर बॉलवरचे २१० किलो मागच्या एक्सलवर जवळजवळ ३०० होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरून ९० किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात, हेडलाइट वर बघायला लागतात. म्हणून नुसता जीव्हीडब्ल्यू नाही, मागच्या एक्सलची वेगळी मर्यादा पाटीवर असते तीही बघा.

आता टायर. ९१ हा लोड इंडेक्स आहे, त्याचा अर्थ एका टायरला ६१५ किलो. दोन टायर म्हणजे १२३०. पावणेदोन टनातून हुकवरचे २१० वजा केले तरी चाकांवर १५४० राहतात. हा टायर साध्या कारचा आहे, ट्रेलर रिकामा असतानाच तो मर्यादेला टेकलेला आहे. मे महिन्यात निमाडच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर हा टायर फुटणारच असं समजून चाला. म्हणजे तुमची पिकअप नंतर, आधी ट्रेलरच नापास होतोय.

बाहेरच्या साडेतीन टनाचं बोलायचं तर तो आकडा त्या देशातल्या मॉडेलचा, तिथल्या टो बारचा (गाडीमागे बॉल बसवायची दांडी) आणि ब्रेकवाल्या ट्रेलरचा असतो. ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, युरोपातही हीच रेषा. तुमच्या मॅन्युअलमध्येही ७५० लिहिलंय ते उगाच नाही. आपण आपल्या मॅन्युअलचा आकडा धरायचा.

टेक्सासची_इंदुरी

मी मूळची रामबागेतली, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. इथे ट्रॅव्हल ट्रेलर घराघरात आहेत आणि हाच घोळ इथेही होतो. आमच्या पिकअपची टो रेटिंग, म्हणजे ओढायची मर्यादा, साडेचार टनाच्या वर आहे पण ड्रायव्हरच्या दारावर जो पिवळा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून कमाल किती ते सांगणारा, त्यावर फक्त ७०० किलो आहेत. आमचा ट्रेलर भरल्यावर २९०० किलो, टंग वेट ३७५, आम्ही चौघं २६०, हिच ४५. झाले ६८०. म्हणजे टो रेटिंग अजून दीड टन शिल्लक दाखवते आणि गाडी पूर्ण भरलेली असते! सेल्समन तुम्हाला पहिला आकडा सांगतो, दुसरा कधीच सांगत नाही.

इथे टो रेटिंगसाठी एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात अॅरिझोनामधल्या डेव्हिस डॅमच्या चढावर एसी फुल्ल लावून गाडी ठराविक वेगाच्या खाली न जाता चढली पाहिजे अशी परीक्षा असते. पण त्यातसुद्धा गाडीत माणसं दोनच धरतात. पाच जणांचं कुटुंब धरून कुणी रेटिंग देत नाही हे लक्षात ठेवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ट्रेलर डोलण्याची. मागून मोठा ट्रक ओव्हरटेक करतो, हवेचा आधी धक्का मग ओढ, आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. ट्रेलरच्या मागच्या भागात वजन जास्त असेल आणि हुकवर कमी असेल तर ते डोलणं आपोआप थांबत नाही, वाढत जातं. अशा वेळी पाय ब्रेकवर जातो आणि तेच करायचं नसतं. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटंसुलटं वळवून सावरायला जायचं नाही, आणि इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. ट्रेलर मागून खेचला गेला की सरळ होतो. तुमच्या ट्रेलरला ब्रेकच नाहीत म्हणजे हा शेवटचा उपाय तुमच्याकडे नाहीच. आईंना आणि मुलांना घेऊन अशी गाडी काढू नका, अगदी कळकळीने सांगते.

आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, आईंना आडवं व्हायचं असलं तरी नाही. थांबा, पाठ टेकू द्या, मग पुढे निघा.

देवासनाका_काका

माझा जन्म ट्रान्सपोर्टमध्ये गेलाय, कॅराव्हॅन मी ओढलेली नाही पण घाट पुष्कळ उतरलोय, तेवढंच सांगतो.

बाळा, चढाची चिंता करू नकोस. चढावर फार तर गाडी हळू होईल, गरम होईल, बाजूला घेशील. माणूस मरतो तो उतारावर. महेश्वरला जाशील तेव्हा मानपूरच्या पुढे गणेश घाट लागेल, राऊ-खलघाट रस्त्यावरचा, तिथे ब्रेक फेल होऊन किती गाड्या एकमेकांवर गेल्यात हे इंदूरच्या पेपरात आपण सगळ्यांनी वाचलंय. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, मग ब्रेकवर ब्रेक, ड्रम तापतात, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. तुझी पिकअप ब्रेकसकट बनवली आहे पावणेतीन टनासाठी, तू तिच्यामागे अजून पावणेदोन टन बिनब्रेकचे लावून तिला घाटात सोडणार. नाही.

उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली आणायचा, उतारात शिरल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये ब्रेक न लावता वेग धरून राहते तो गिअर. ब्रेक सतत चोळत बसायचं नाही, जरा जोरात दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा, थंड होऊ द्यायचा. भेरूघाटात वळणं आहेत, तुझी गाडी आणि ट्रेलर मिळून अकरा मीटर होतील, आतल्या बाजूने ट्रेलरचं चाक कडेला जातं म्हणून वळण मोठं घ्यायचं आणि समोरून बस येत असेल तर आधीच थांबायचं. आरशांना एक्स्टेंशन लाव, ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असतो, मागचं काही दिसत नाही.

पीथमपूरवाला

काकांचं शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर घालतो, ब्रेक बसवायचे ठरले तर कोणते. ओव्हररन ब्रेक स्वस्त आणि सोपे, गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या धक्क्यानेच कपलरमधला (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) दांडा आत जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाटीवर मस्त. पण लांब उतारावर काका म्हणतात तसं खालच्या गिअरवर गाडी धरली की ट्रेलर सतत पुढे ढकलतच राहतो, म्हणजे त्याचे ब्रेक सतत थोडे लागलेले, आणि तापतात. तिथे मध्ये थांबून हबजवळ हात नेऊन बघायचं. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये तुमच्या हातात कंट्रोल असतो, घाटाचा रस्ता असेल तर मी तेच सुचवीन. दोन्हीत ब्रेकअवे केबल हवी, ट्रेलर सुटलाच तर केबल ओढली जाऊन त्याचे ब्रेक लागतात. साखळ्या दोन, कपलरच्या खाली फुलीसारख्या, म्हणजे कपलर निसटला तर जमिनीत न घुसता साखळ्यांवर पडतो.

आता वजन असं करा. धरमकाट्यावर ट्रेलर एकटा चढवा. मग मंडीतल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे धान्य तोलायचा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो तो घ्या, ट्रेलरच्या पुढच्या जॅकखाली ठेवा, कपलर बॉलच्या उंचीला आणि ट्रेलर अगदी लेव्हलमध्ये. जे दिसेल ते टंग वेट (जॅक कपलरच्या अगदी जवळ असेल तरच, लांब असेल तर कपलरच्याच खाली लाकडी ठोकळा उभा करून तोला). मोठ्या काट्यावर वजाबाकी करूनही काढता येतं पण तो १०-१० किलोच्या पायरीने दाखवतो, इतक्या छोट्या आकड्याला तो चालणार नाही. आणि एक्सलवर पाटी आहे का, हबमागे ड्रम आहे का, टाकी आणि बॅटरी कुठे आहे, हे खाली वाकून बघून लिहा.

कागद पण मागा. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्यात वेगळं वाहन आहे, त्याची स्वतःची आरसी, स्वतःचा नंबर, स्वतःचा विमा लागतो.

सुदामानगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, टोकन दिलेलं नाही. रविवारी मालकाला बरोबर घेऊनच वजन केलं, छावणीतून एका मित्राच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा आणला होता.

ट्रेलर, बॅटरी आणि एसी धरून पण पाणी, गॅस, सामान काही नाही: १५३० किलो. मालकाचं म्हणणं १४०० हे बनवलं तेव्हाचं, एसी आणि छत्री नंतर बसवली. टंग वेट आलं फक्त ९६ किलो. मला पहिल्यांदा बरंच वाटलं की गाडीवर कमी लोड येतोय, पण ताईंचं वाचल्यामुळे लगेच लक्षात आलं की हेच वाईट आहे. कारणही दिसलं, बॅटरी मागच्या पलंगाखाली, स्टेपनी मागच्या भिंतीवर आणि १२० लिटरची टाकी एक्सलच्या साधारण एक मीटर मागे. कपलर ते एक्सल चार मीटर भरलं. एक्सलवर कसलीही पाटी नाही, जाड चौकोनी पाइपला हब वेल्ड केलेत, ड्रम नाहीत. माझ्या टो बारवर मात्र पाटी आहे, बॉलवर जास्तीत जास्त २०० किलो. ट्रेलरची आरसी आहे, त्याच्या नावावर, विमा संपलेला.

आतून ट्रेलर खरंच सुंदर आहे हो. आई जाऊन बसली, खिडकीपाशी, म्हणाली इथे स्टूल ठेवलं की मला पाय टेकवून चढता येईल. म्हणून सरळ नाही म्हणवत नाही. काही करता येईल का यात?

पीथमपूरवाला

करता येईल, पण खर्च आहे, आणि तो किमतीतून वजा झाला तरच घ्या.

९६ म्हणजे ६ टक्क्यांच्या जरा वर. हा ट्रेलर ताशी ८०ला डोलला असता. पण गणित साधं आहे: वजन जितकं पुढे सरकवाल त्याला कपलर ते एक्सल या अंतराने भागायचं. ६० किलोची बॅटरी मागच्या पलंगाखालून पुढच्या सीटखाली आणली, म्हणजे तीन मीटर, की ४५ किलो हुकवर वाढतात. २२ किलोची स्टेपनी मागच्या भिंतीवरून पुढच्या ए फ्रेमवर (कपलरमागचा तिकोनी सांगाडा), साडेचार मीटर, अजून २५. झाले १६६, म्हणजे ११ टक्क्यांच्या जवळ. गॅसची टाकी ए फ्रेमवर बांधली की आणखी २५. बाकीचे १०० किलो सामान एक्सलच्या बरोबर वर, फळीत उंच नाही, खाली जमिनीवर. एकूण १६६०, हुकवर १९०. पाण्याची टाकी प्रवासात रिकामी, कारण ती भरली की हुकवरचे ३० किलो कमी होतात आणि एकूण वजन १२०ने वाढतं. पाणी हनुवंतियाला पोचल्यावर भरा, दोन कॅन पिण्याचे गाडीत ठेवा, पण ते ट्रेमधल्या ११०मध्येच धरा.

१९० हे तुमच्या २२५मध्ये बसतंय आणि टो बारच्या २००मध्येही, फक्त १० किलोने. म्हणजे ए फ्रेमवर सायकली टांगायच्या नाहीत, पुढच्या कपाटात डाळ-तांदळाची पोती भरायची नाहीत. सगळं हलवून झाल्यावर तोच प्लॅटफॉर्म काटा परत आणायचा, कागदावरचं गणित आणि काटा यात फरक येतोच. पिकअपचं मागचं एक्सलपण माणसं बसवून वेगळं तोला.

एक्सलवर तडजोड नाही. पाटी नसलेला वेल्ड केलेला एक्सल कितीचा आहे हे देवालाही माहीत नसतं. दोन टनाच्या रेटिंगचा, इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आणि मापाच्या हबवाला तयार एक्सल घ्या, त्यावर १९५/७० आर१५सी १०४ चे टायर. १०४ म्हणजे ९०० किलो एकाला, दोन मिळून १८००, चाकांवर येणार आहेत १४७०. रिमवरही लोड लिहिलेला असतो, कारचं अॅलॉय चालणार नाही. हा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि नोंद करून घ्या, नाहीतर विमा घेतलेला असूनही क्लेमच्या वेळी भांडण.

टेक्सासची_इंदुरी

दादांचं बरोबर आहे, फक्त वेगाचं माझ्याकडून: बदल केल्यावरही ताशी ७०-८०च्या वर नाही. आणि पहिल्यांदा घाट नको, आधी रिकाम्या बायपासवर पहाटे, घरचे कुणी न घेता, ब्रेक कंट्रोलर सेट करा. ताशी ३०-४०ला फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून बघायचं, चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे ठेवायचं. रिव्हर्सची प्रॅक्टिस मोठ्या मैदानात, वहिनींना मागे उभं करून. त्यांनाही चालवायला शिकवा, लांबच्या रस्त्यावर दुसरा ड्रायव्हर फार कामाला येतो.

सुदामानगर_इंदूर

मालकाशी आज बोललो. एक्सल, ब्रेक, टायर, वायरिंग सगळ्याचा अंदाज पीथमपूरच्या दोन ठिकाणांहून लेखी काढतोय, तेवढी रक्कम किमतीतून कमी केली तर घेतो, नाहीतर नाही, असं सांगितलंय. तो विचार करून कळवतो म्हणाला. हनुवंतियाचं या हिवाळ्याचं बुकिंग तळमजल्याच्या खोलीचं करून टाकलंय, ट्रेलरसाठी घाई करायची नाही. काका, एक विचारायचं होतं, भेरूघाटाऐवजी खंडव्याकडे जायला ट्रेलरसाठी बरा असा दुसरा रस्ता कोणता?

देवासनाका_काका

खलघाटवरून कसरावद करत फिरून जाता येतं, पण मग गणेश घाट आलाच, आणि लांब पडतं. भेरूघाटच बरा, फक्त सकाळी लवकर निघ, ओंकारेश्वरच्या बसेस सुरू व्हायच्या आत खाली उतर. शनिवार-रविवार आणि अमावस्येला तर अजिबात नको, सगळी गर्दी नर्मदेवर असते.

एक्सल बसला की मला फोटो टाक, हबचं ग्रीसिंग आणि नट किती टाइट ते मी सांगतो. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट परत आवळायचे.